शोभाताईंच्या नावावरचे दहा दिवस

मोबाइलवर किंवा कंपनीतल्या टॅबवर तुम्ही शेवटचं ‘पुढे’ कधी दाबलंत, आणि त्या बटणाच्या वर तुमच्याबद्दल काय लिहिलं होतं, ते आठवतं का?

आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तशी वाक्यं लिहिणं हाच सात वर्षं माझा धंदा होता, आणि लिहिलेली सगळी मलाही आठवत नाहीत. एक मात्र शब्दन् शब्द आठवतं. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी निवृत्त माणसं लिहितात. मी एकतीस वर्षांची आहे. पण ज्या कामाबद्दल लिहायचं ते सुटलं आहे आणि त्या धंद्यात मला आता कुणी उभं करणार नाही, तेव्हा मला निवृत्त धरायला हरकत नाही. लेखाची सुरुवात प्रश्नाने झाली, याला कारण आमचं घर. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवर गिरवली. पत्रकाचं पहिलं वाक्य प्रश्न असायचं आणि शेवटी एखादं काम सांगितलेलं असायचं: सभेला या, अर्ज भरा, अमुक कागदावर सही करू नका. बाबांनी मला लहानपणापासून एक सवय लावली. कुठलंही वाक्य दिसलं की विचारायचं, हे कुणी लिहिलं आणि कुणाच्या सोयीसाठी. भेळेच्या कागदापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत मी हे विचारत आले. माझ्या स्वतःच्या वाक्याला विचारायचं राहून गेलं.

आधी धंदा सांगते. आमचं ऑफिस सांगवीत होतं, एका मेडिकलच्या वर, तीन खोल्यांचं. आम्ही मोबाइलवर वाचायच्या अशा गोष्टी बनवायचो, ज्यांत वाचणाराच नायक असतो. एक परिच्छेद वाचायचा, खाली दोन-तीन पर्याय असतात. दार उघडायचं, मागे फिरायचं, की शेजाऱ्याला हाक मारायची. जे दाबाल तशी गोष्ट वळते. नायकही तुम्हीच घडवायचा. नाव तुम्ही द्यायचं, बाई की पुरुष ते तुम्ही ठरवायचं, तापट की शांत, बोलका की घुमा, सगळं तुमच्या हातात. जाहिरातीत आम्ही म्हणायचो, ‘तुमचा नायक, तुमची गोष्ट.’

यातलं निम्मं खरं होतं. नायक कितीही तुमचा असला तरी त्याच्यामागचं थोडं आयुष्य आम्हाला आधीच लिहून ठेवावं लागतं. ज्याला मागेपुढे कुणी नाही, ज्याच्या हातून कधी काही घडलेलं नाही, असा माणूस दार उघडो की न उघडो, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. दाराआड बारा वर्षं न बोललेला भाऊ असला तर बोट बटणावर थबकतं. तो भाऊ तिथे आम्ही ठेवलेला असतो. ऑफिसात याला बॅकस्टोरी म्हणायचे, मी मागची गोष्ट म्हणायचे. ती पहिल्या पानावर चार-पाच वाक्यांत असते आणि तिच्याखाली एकच बटण असतं: पुढे. बाकी सगळीकडे पर्याय, इथे नाही. इथे पर्याय दिला तर पुढचं सगळं प्रत्येकासाठी निराळं लिहावं लागेल, आणि आम्ही लिहिणारे दोघंच होतो.

माझी पहिली मोठी गोष्ट चाकणच्या कांदा मार्केटमधली. नायक बारा वर्षांनी परत येतो, भावाची तिथे आडत आहे, आणि मार्केटमधला एक माणूस गायब झालेला आहे. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, ‘बारा वर्षांपूर्वी रागाच्या भरात तुम्ही घर सोडलंत.’ गोष्ट बरी चालली. मग एके सकाळी सांगवीतल्याच एक निवृत्त शिक्षिका पत्ता शोधत ऑफिसात आल्या. जिना चढून दम लागला होता, पण बसायला तयार नव्हत्या. त्यांनी विशाल नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण घडवला होता.

“विशालने घर सोडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्याला घराबाहेर काढलंय. मला न विचारता तुम्ही त्याच्या डोक्यावर राग का घातलात?”

मी म्हटलं, काकू, गोष्ट सुरू व्हायला काहीतरी लागतं. त्यावर त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं ऐकवलं. त्यांच्या विशालने एकदाही भावापुढे नमतं घेतलं नव्हतं, कारण चूक भावाची. आणि माझी गोष्ट मात्र दर दोन पानांनी त्याला पश्चात्ताप करायला लावत होती. मला आधी हसू आलं, नंतर पटलं. घर सुटलं हे मी ठरवू शकते. ते का सुटलं हेही मीच ठरवलं, तर विशाल त्यांचा उरत नाही. नाव त्यांनी दिलेलं आणि अपराध मी दिलेला, असा कुणीतरी तिसराच होतो. मी पहिलं पान बदललं. घर सुटलं, एवढंच ठेवलं आणि खाली चार कारणं दिली, त्यातलं एक निवडा. काकूंनी पुन्हा खेळून निरोप धाडला: आता विशाल बरा वागतोय.

तेव्हापासून मी नियम केला. घडलेलं आमचं, कारण वाचणाऱ्याचं. ऑफिसात नवीन कुणी आलं की मी हा नियम पहिल्या दिवशी सांगायचे, जरा जास्तच ऐटीत.

दुसरं भांडण आडनावाचं. नायक घडवायच्या पानावर नावाखाली आडनावाचा रकाना होता. मी तो काढायला सांगितला. आमचा मालक मंदार, वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सर म्हटलेलं न आवडणारा, तो म्हणाला, “अगं, फॉर्म पूर्ण दिसतो त्याने. एवढं काय त्यात?” मी सांगितलं की आपल्याकडे आडनाव ही आयती मागची गोष्ट असते. लिहिणाऱ्याने एक अक्षर लिहायची गरज नाही. घर कुठे असेल, दारात चहा कशात मिळेल, आजोबा काय करत असतील, वाचणारा सगळं भरून मोकळा होतो. माझ्या आडनावावरून लोकांनी माझं काय काय भरलेलं आहे, ते मला माहीत होतं. आठवडाभर वाद चालला आणि रकाना निघाला. घरी बाबा खूश झाले.

त्या जिंकण्याने माझं नुकसान केलं. कुठे काही कुजकं असेल तर आपल्याला वास येतोच, असं मला वाटायला लागलं.

मग चाकणचं काम आलं. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी एक कंपनी होती. तिला सुरक्षेचं प्रशिक्षण गोष्टीच्या रूपात हवं होतं. भिंतीवरचे फलक कुणी वाचत नाही, कामगारांना टॅबवर गोष्ट खेळायला द्या, त्यातून ते शिकतील. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. मी प्लांट बघायला कंपनीच्या बसने गेले. गेटवर सिक्युरिटीने माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलं आणि पायात दोन नंबर मोठे सेफ्टी शूज दिले. मला सगळं दाखवायला एचआरच्या साहेबांनी शोभाताईंना सोबत दिलं. बीडकडच्या, पस्तिशीच्या, सहा वर्षं कंपनीच्या रोलवर, म्हणजे पटावर. त्या तयार मालाच्या तपासणीच्या टेबलावर असायच्या.

“मी प्रेसवर नसते, मॅडम,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “लांबून जेवढं दिसतं तेवढं सांगते.”

लांबूनही त्यांना पुष्कळ दिसत होतं. प्रेस म्हणजे पत्रा एका दाबात कापणारं यंत्र. तिला दोन हिरवी बटणं असतात, मुद्दाम लांब लांब बसवलेली. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा भाग खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे आत एकही नाही. पण एक चावी असते, ती फिरवली की प्रेस पायाच्या पेडलवर चालते. हात मोकळे राहतात, काम भराभर होतं, आणि बोटं जातात ती तेव्हाच. चावी सेटरकडे असते. सेटर म्हणजे यंत्र लावून देणारा. हे सगळं शोभाताईंनी सात-आठ मिनिटांत सांगितलं. मग मुलीला गोष्टी वाचायचा नाद आहे म्हणाल्या, म्हणून मी त्यांना माझा नंबर दिला.

ऑफिसात परतल्यावर एचआरकडून नायकाची माहिती आली. त्यात ‘निष्काळजी कामगार’ हे शब्द होते. मी तापले. मी मंदारला म्हटलं, नायक निष्काळजी असं आधीच ठरवलं तर मी लिहिणार नाही. दोन दिवस ईमेलवर वादावादी झाली आणि कंपनीने ते शब्द काढले. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती: नायकाला प्रेसचं दहा दिवसांचं प्रशिक्षण मिळालेलं आहे. ती मी आनंदाने ठेवली. गोष्टीच्या दृष्टीने सोयीचीच होती. नायकाला सगळं येतंय, तरी टार्गेटच्या घाईत सेटर पेडलवर काम करायला सांगतो, आता काय करशील? तीन पर्याय. नकार दे, सुपरवायझरला बोलाव, किंवा चालू दे. रंगत तिथेच होती.

फक्त ती ओळ मला सरकारी वाटली. मी तिच्यात जीव ओतला. पहिल्या पानावर लिहिलं, ‘दहा दिवस तुम्ही तापकीर मास्तरांच्या हाताखाली प्रेस शिकलात. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी तुमच्याकडून दोन बटणांचा नियम करवून घेतला. तो आता तुमच्या हातांनाच माहीत आहे.’ आणि नावाच्या रकान्यावर मी लिहिलं, ‘तुमचं नाव’. नायकाचं नाव असं लिहायला हवं होतं. कांदा मार्केटच्या गोष्टीतही मी ‘तुमचं नाव’च लिहिलं होतं, पण तिथे माणूस सोफ्यावर बसून विशाल होतो. इथे कँटीनच्या हॉलमध्ये तीस-तीस जणांना बसवलं होतं, समोर साहेब उभे होते. कोण वेगळं नाव टाकेल? सगळ्यांनी स्वतःचं टाकलं. खाली टोकन नंबरचा, म्हणजे कामगाराच्या क्रमांकाचा, रकानाही आला होता. तो कशाला, असं मी विचारलं होतं. हजेरीसाठी, असं उत्तर मिळालं. माझं समाधान झालं. आडनाव नव्हतं ना.

पुढच्या वर्षी शोभाताईंचा फोन आला. त्या पिंपरीच्या महापालिकेच्या दवाखान्यात ड्रेसिंगला आल्या होत्या, भेटाल का म्हणाल्या. मला वाटलं मुलीसाठी काहीतरी हवं असेल. पॅसेजच्या बाकावर बसल्या होत्या, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. दोन बोटं गेली होती. तपासणीच्या टेबलावरून त्यांना प्रेसवर हलवून दोनच दिवस झाले होते. माणसं कमी होती. प्रेस पेडलवर लावलेली होती. त्यांनी सेटरला विचारलं होतं, त्याने आत्तापुरतं आहे म्हणून सांगितलं.

त्यांनी डाव्या हाताने पिशवीतून कंपनीचं पत्र काढलं. सुरक्षेचे नियम माहीत असूनही मोडले, तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करा. सोबत एक छापील कागद जोडला होता. वर ‘शोभा’ आणि टोकन नंबर. खाली दहा दिवस, तापकीर मास्तर, डोळ्यांवर पट्टी. त्याच्या खाली: पुढे, आणि दाबल्याची वेळ. पेडलच्या प्रश्नावर त्यांनी दिलेलं उत्तरही होतं. त्यांनी नकार निवडला होता. म्हणजे यांना सगळं कळत होतं, असा पत्राचा अर्थ.

“मॅडम, हे मास्तर कोण आहेत?” शोभाताईंनी विचारलं. “मला भेटायचंय त्यांना. मला तर दहा मिनिटं बी कुणी शिकवलं नाही.”

मी तो कागद पुन्हा वरपासून वाचला. मग त्याच म्हणाल्या, “गोष्टीत मी नाही म्हटलं की. लई सोपं होतं. इथं नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी कुठं गेले असते?”

गोष्टीत मी तीन पर्याय दिले होते. शेडमध्ये एकच होता, आणि त्याची चावी सेटरच्या खिशात होती. हे मला लिहिताना माहीत होतं. शोभाताईंनीच तर सांगितलं होतं.

नोकरी जायची भीती तर होतीच. पण शोभाताईंना त्याहून जास्त एक गोष्ट लागली होती. चूक त्यांची, असं कागदावर कायमचं राहणार होतं, आणि सातवीतली मुलगी तो कागद वाचू शकत होती. तिने वाचून विचारलंही होतं, आई, तू खरंच डोळ्यांवर पट्टी बांधून शिकली होतीस का?

घरी येऊन मी कागदाची झेरॉक्स बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, सवयीप्रमाणे विचारलं, “कुणी लिहिलंय?”

“मी,” म्हटलं.

ते वाचत गेले आणि तापकीर मास्तरांशी थांबले. “अगं, हे माझे मास्तर.”

होतेच. ही गोष्ट बाबांनी मला लहानपणी कितीदा सांगितली होती. कारखान्याच्या शिकाऊ वर्गात तापकीर मास्तर होते. डोळ्यांवर फडकं बांधून ते पोरांकडून हत्यारं ओळखून घ्यायचे, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मास्तर वारले, तो वर्ग बंद पडला, कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत. बाबांना जे खरोखर मिळालं होतं ते उचलून मी एका अशा बाईच्या नावावर चढवलं होतं, जिला त्यातलं काहीही मिळालं नव्हतं. तेही चांगलं वाक्य हवं म्हणून.

बाबा रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. झेरॉक्सची घडी घालत म्हणाले, “पत्रकात खोटं नाव कधी घालू नये, पोरी. पण घातलंच आहेस, तर आता त्यांना म्हणावं, मास्तरांना साक्षीला आणा.”

त्यांनी शोभाताईंसाठी अर्ज लिहून दिला. कंपनीने शोभाताईंवर चौकशी लावली होती, आणि चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेले वकील होते. अर्जात तीन ओळी होत्या: मला ज्यांनी प्रशिक्षण दिलं असं कंपनीचा कागद म्हणतो, त्या तापकीर मास्तरांना साक्षीला बोलवावं, त्यांची हजेरी दाखवावी, मला त्यांना प्रश्न विचारायचे आहेत. कागद कंपनीनेच जोडलेला, त्यामुळे वकिलांना नाही म्हणता येईना. तारीख पुढे गेली. पुढच्या तारखेला काय झालं ते शोभाताईंनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. कंपनीने खरंच एक तापकीर हजर केला. रोलवर तेवढाच एक सापडला होता. डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायला असणारा, विशी-बाविशीतला.

“मी कुणाला शिकवणार, साहेब?” तो म्हणाला. “मी पॅलेट रचतो. प्रेसच्या शेडला आमाला जाऊच देत न्हाईत.”

हसण्यासारखं होतं, पण त्यामागे काय चाललंय याचा मला संशय होताच. पुढच्या वेळी कंपनी म्हणणार, नाव चुकलं असेल, प्रशिक्षण झालंच होतं. हा मास्तर कुणी बनवला, हे कुणीतरी समोर येऊन सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं एकच माणूस होतं.

मी मंदारला सांगून जायचं ठरवलं. तो वाईट माणूस नव्हता, आणि माझी अडचण तीच होती. तो म्हणाला, “प्रज्ञा, गोष्ट आहे ती. गोष्टीतल्या वाक्याची कुणी जबानी घेतं का?”

“त्यांनी शोभाताईंची घेतलीच आहे,” मी म्हटलं.

मग त्याने दोन गोष्टी काढल्या. पहिली, नोकरीला लागताना मी सही केलेला गोपनीयतेचा कागद. न वाचता सही करू नका असं छापलेल्या पत्रकांत मी वाढले होते आणि तो मी न वाचता सही केला होता. दुसरी गोष्ट जास्त जड होती. सांगवीतल्या त्या तीन खोल्यांत नऊ माणसं काम करत होती आणि अर्ध्याहून जास्त काम आता चाकणच्या कंपन्यांचं होतं. “त्यांचं काय करू, ते तू सांग,” मंदार म्हणाला. मी तरीही गेले, एवढंच खरं.

चौकशीच्या खोलीत एसी इतका गार होता की शोभाताईंनी हात पदरात घेतला होता. मी सांगितलं ते असं. हे पान मी लिहिलं. तापकीर मास्तर या कंपनीत कधीच नव्हते. ते माझ्या वडिलांचे शिक्षक होते आणि वारले आहेत. दहा दिवसांची ओळ कंपनीकडून आली, पट्टीची मी घातली. गोष्ट नायकाची आहे, शोभाताईंची नाही. आणि त्या पानावर ‘हे खरं नाही’ म्हणायला बटण ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे ‘पुढे’ दाबल्यावरून कुणाचंही काही सिद्ध होत नाही.

वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला. “म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?”

“गोष्ट लिहिली,” मी म्हटलं, “आणि ती खऱ्या माणसाच्या नावावर जाईल याची काळजी घेतली नाही.”

शोभाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या एचआरच्या साहेबांकडे बघत होत्या, आणि साहेब टेबलावरच्या कागदाकडे.

महिन्याभराने त्यांना पत्र आलं. आरोप मागे घेतला होता. त्या पुन्हा तपासणीच्या टेबलावर आहेत, माल डाव्या हाताने उलटतात. मुलीला त्यांनी दुसरं पत्रही वाचायला दिलं. माझं काम त्याआधीच सुटलं होतं. मंदारने निरोपाच्या दिवशी सगळ्यांना वडापाव मागवला आणि माझ्याशी नीट बोलला. त्याच्या ऑफिसातले दोघंजण पुढे कमी झाले, असं ऐकलं. ते माझ्यामुळे का, हे मी विचारलेलं नाही. विचारायला हवं.

इथे हा लेख संपला असता तर मलाही बरं वाटलं असतं. पण गेल्या महिन्यात शोभाताईंचा फोन आला. आता सेटरची चौकशी लागली आहे. प्रेस पेडलवर कुणी टाकायला लावली, हे विचारायच्या ऐवजी कुणी टाकली, एवढंच विचारतायत. त्याच्या पत्रालाही एक छापील कागद जोडलेला आहे. सेटरसाठी वेगळी गोष्ट होती, तीही मीच लिहिली होती. तिच्या पहिल्या पानावर असं आहे: ‘चुकीचा हुकूम नाकारायचा पूर्ण अधिकार कंपनीने तुम्हाला पहिल्याच दिवशी दिला.’ खाली त्याचं नाव. खाली पुढे. मी त्याच्यासाठीही लेखी निवेदन दिलं आहे. पण गोष्टी कंपनीच्या झालेल्या आहेत. त्या मला मागे घेता येत नाहीत, आणि त्या आणखी कुठल्या कुठल्या प्लांटला दिल्या गेल्या, ते मला कुणी सांगत नाही.

म्हणून चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात काम करणाऱ्या आणि ज्यांच्या घरचं कुणी तिथे कामाला जातं अशा सगळ्यांना विनंती आहे. तुमच्या टॅबवर तापकीर मास्तर भेटले, किंवा त्यांच्यासारखं दुसरं कुणी तुमच्या मागच्या आयुष्याबद्दल परस्पर बोलत असलं, तर लगेच पुढे दाबू नका. फोटो काढता येणार नाही, कॅमेऱ्यावर स्टिकर असतं. खिशातला कागद काढा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. त्याच्या खाली लिहा, तुम्हाला खरं कुणी शिकवलं, कुठल्या यंत्रावर, किती दिवस. कुणीच शिकवलं नसेल तर तेही लिहा. तारीख घाला, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत एचआरला देऊन पोच घ्या आणि एक घरी ठेवा. हे आज घरी कामावरून येणाऱ्या माणसाला सांगा. त्याने आधीच पुढे दाबलेलं असेल, तरी कागद करा.